भांगेत तुळस

जर्मनीतल्या एखाद्या घरात कपड्यांच्या कपाटात आज गांजाची तीन झाडे वाढत असतील, तर पोलिसांना त्याचे काही नाही. कपाटाला आतून चंदेरी कागद, वर एलईडीचा दिवा, कोपऱ्यात घरघरणारा छोटा पंखा आणि वास शेजाऱ्यापर्यंत जाऊ नये म्हणून कोळशाचा फिल्टर. दाराला कुलूप मात्र हवेच. मुलांच्या हाती हे पडता कामा नये, असे कायदा बजावतो. १ एप्रिल २०२४ पासून तिथल्या प्रौढ माणसाला एका वेळी तीन झाडे लावता येतात, घरात ५० ग्रॅमपर्यंत वाळलेला गांजा ठेवता येतो. हेच कपाट आपल्याकडे उघडले, तर अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्याचे कलम २० उभे राहते: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. कुंडीतले एक झाड असो की एकरभर शेत, लागवडीला कलम एकच.

हे वाचून ‘जर्मनी पुढारलेली, आपण मागासलेले’ असा सोपा निष्कर्ष कुणी काढू नये. मला त्या तीन झाडांचे फारसे कौतुक नाही. कौतुक आहे ते त्या कायद्याच्या आठ वर्षे आधी लागलेल्या एका निकालाचे.

तिथल्या एका माणसाला १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस होता. या आजारात मज्जातंतूंवरचे वेष्टन झिजत जाते, स्नायू आखडतात, हात-पाय आपले राहत नाहीत. गांजाने त्याला आराम पडे, म्हणून तो घरीच झाडे लावू लागला. खटला झाला. २००५ मध्ये तो निर्दोष सुटला, कारण दुसरा इलाज त्याच्यापाशी नव्हता, हे न्यायालयाला पटले. पण सुटका म्हणजे परवानगी नव्हे. परवानगीचा अर्ज त्याने २००० मध्येच केला होता आणि सरकारी खाते तो नाकारत होते. औषधाच्या दुकानातला गांजा कायदेशीर मार्गाने मिळू शकत होता, पण तो परवडणारा नव्हता आणि विमा कंपनी पैसे देईना. अखेर ६ एप्रिल २०१६ रोजी लाइपझिगच्या संघराज्य प्रशासकीय न्यायालयाने सरकारला सांगितले, याला घरी झाडे लावू द्या. एरवी अशी परवानगी केवळ लोकहितासाठी देता येते. न्यायालयाचे म्हणणे असे की, या रोग्याला आराम पडतो आणि तितकाच गुणकारी, परवडणारा दुसरा उपाय त्याच्यापुढे नाही. तेव्हा त्याची लागवड हेच लोकहित.

एका माणसाच्या आखडलेल्या पायांना लोकहित म्हणणारे न्यायालय! आपल्याकडे लोकहित म्हटले की धरण, महामार्ग, पुतळा डोळ्यांपुढे येतो. रात्रभर विव्हळणारी म्हातारी त्या शब्दात बसतच नाही.

पुढची गोष्ट त्याहून बोधक आहे. सरकारला घराघरांत लागवड नको होती. पण ती रोखायला सरकारने धाडी वाढवल्या नाहीत. मार्च २०१७ मध्ये कायदा केला: गंभीर आजारी रोग्याला डॉक्टरने चिठ्ठी दिली, तर औषधाच्या दुकानातून गांजा मिळेल आणि खर्च विमा उचलेल. दुकान उघडले, तशी कपाटाची गरज सरली. रोगी कपाटात औषध वाढवू लागला, तर त्याच्या हातात बेडी घालण्याआधी दुकानाच्या फळ्या कुणी लावून ठेवल्या, हे पाहावे. माझे सगळे म्हणणे एवढेच आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. ‘तुळशीत भांग’ ही म्हण आपण सहज वापरतो, चांगल्या घरातला वाया गेलेला पोरगा दाखवायला. म्हणीचा दुसरा अर्धा भाग, ‘भांगेत तुळस’, आपण विसरतो. शिवरात्रीला थंडाईत भांग चालते. उत्तर प्रदेशात, राजस्थानात तिची सरकारी परवान्याची दुकाने आहेत. त्याच झाडाचा शेंडा तोडला की तो गांजा, आणि तो ओढणारा गांजेकस, म्हणजे शिवीच. कायद्यानेही हीच रेघ ओढली: शेंडे वेगळे ठेवले तर पान आणि बी ‘गांजा’ या व्याख्येबाहेर. देवाच्या नावाने चालते ते दुखण्याच्या नावाने चालत नाही, याचे आपल्याला नवलही वाटत नाही.

एनडीपीएस कायदा झाला १९८५ मध्ये; तो जर्मन माणूस आजारी पडला त्याच वर्षी. या कायद्याने दुसऱ्या एका झाडाचे काय केले, ते सांगितल्याशिवाय गांजाची चर्चा अर्धवट राहील. मध्य प्रदेशातल्या मंदसौर, नीमच, रतलाम या पट्ट्यात सरकारच्या परवान्याने अफूची शेती होते. तिच्यापासून मॉर्फिन बनते, आणि मॉर्फिनवाचून कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला दुसरा आधार जवळजवळ नाही. नशेबाजाला धरायला केलेल्या कायद्याने औषध विक्रेत्यावर आणि रुग्णालयावर परवान्यांचा असा डोंगर रचला की त्यांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. एवढ्या मोठ्या देशाचा मॉर्फिनचा वापर १९९७ मध्ये वर्षाला १८ किलोपर्यंत घसरला. अफू आपण पिकवायची, परदेशी पाठवायची आणि आपल्या माणसांनी तळमळत मरायचे. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षे सरकारचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे २०१४ मध्ये कायद्यात मॉर्फिनची वाट सोपी करणारी दुरुस्ती झाली. ज्यांना कायदा बदलणे म्हणजे नशेला मोकळे रान वाटते, त्यांनी त्या दुरुस्तीनंतर देश नशेत बुडाला का, ते सांगावे.

गांजाचे औषधी गुण हे काही पाश्चात्त्यांनी काल लावलेले खूळ नाही. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजातल्या विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरने १८३९ च्या सुमारास धनुर्वातावर, संधिवातावर, एका चाळीस दिवसांच्या तान्ह्या मुलीच्या आकडीवर तो वापरून पाहिला. १८९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनने सरसकट बंदी नको, असेच सांगितले. आणि २०१८ मध्ये अमेरिकेत गांजातल्या सीबीडी या घटकाचे औषध मान्य झाले, तेही लहान मुलांच्या चिवट आकडीवर.

म्हणून उद्याच कुंडी आणायची का? नाही. कपाटातल्या झाडावर मात्रा लिहिलेली नसते. नशा आणणारे टीएचसी किती आणि सीबीडी किती, हे डोळ्यांना दिसत नाही. कोंदट कपाटात वाढलेल्या शेंड्यांवर बुरशी धरते, आणि केमोथेरपीने प्रतिकारशक्ती खचलेल्या रोग्याला तीच बुरशी घेऊन जाऊ शकते. कोवळ्या वयात जास्त टीएचसी पोटात गेले की काहींचे मन ढासळते, हेही डॉक्टर सांगतात. आणि ‘गांजाने कॅन्सर बरा’ असले निरोप मोबाइलवर पुढे ढकलणाऱ्यांनी तर रोग्याचा सगळ्यात मोठा घात केला आहे. त्यांच्या नादाने माणसे शस्त्रक्रिया टाळतात. शिरपूरकडे तुरी-कपाशीच्या आडून पिकणारा गांजाही कुणा रोग्यासाठी नसतो. तो शेतकरी रोगी नव्हे, आणि रोगी तस्कर नव्हे. कायद्याने दोघांना एकाच गाडीत बसवू नये.

गंमत अशी की आपला कायदा वाटतो तितका बंद नाही. वैद्यकीय आणि शास्त्रीय कामाला कलम ८ मध्येच सूट आहे. कलम १० प्रमाणे राज्य सरकारे औषधासाठी लागवडीचे नियम करू शकतात. जम्मूच्या सरकारी संशोधन संस्थेत परवान्याने ही झाडे वाढवून अभ्यास चालू आहे. आयुर्वेदात हीच ‘विजया’, आणि तिच्या पानांची औषधे वैद्याच्या चिठ्ठीवर मिळू लागली आहेत. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या व्हिएन्नातल्या आयोगात गांजाला सर्वांत घातक, औषधाला निरुपयोगी अशा यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी झाला. त्या २७ मध्ये भारत होता. म्हणजे व्हिएन्नात आपण पुरोगामी आहोत. दरवाजा अडकला आहे तो घरच्या फायलीत आणि ‘लोक काय म्हणतील’ या आपल्या जुन्या बिजागरीत.

येत्या निवडणुकीत उमेदवार दारात आला, की रस्ता आणि पाणी विचारून झाल्यावर एक साधा प्रश्न विचारा: आपल्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात मॉर्फिनच्या गोळ्या आहेत का? त्याला ठाऊक नसेल, तर दुसऱ्या दिवशी आपणच जाऊन कपाट उघडून पाहा. विजयेची गोष्ट त्यानंतर.