बर्फातला रविवार

१६ फेब्रुवारी २०२५चा रविवार मला मिस्साविना घालवावा लागला. मी तेव्हा कॅनडात, टोरोंटोशेजारच्या मिसिसागा शहरात मुलाकडे होतो. आपल्या वसईतली बरीच कुटुंबे त्या भागात स्थायिक झाली आहेत, त्यामुळे तिथल्या थंडीच्या गोष्टी आपल्याकडे सगळ्यांनीच ऐकलेल्या असतात. पण ऐकणे वेगळे. बुधवारी रात्री एकदा भरपूर बर्फ पडून गेला होता. तो उपसून होतो न होतो तोच शनिवारी पुन्हा सुरुवात झाली आणि रविवारी पहाटे पडदा सारून पाहतो तर दारातली गाडी दिसेनाशी झालेली. आपला पाऊस येतो तो पत्रे वाजवत येतो. बर्फाला आवाज नसतो. सकाळी उठावे तेव्हा कळते की आपण घरात कोंडले गेलो आहोत.

तिथे नगरपालिकेची गाडी येऊन रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारते. रस्ता मोकळा होतो, पण तो सारा बर्फ लोटला जातो प्रत्येकाच्या दाराशी. हा ढीग उपसल्याशिवाय गाडी बाहेर काढता येत नाही. मुलगा रात्रपाळी करून पहाटे तीनला कसाबसा घरी पोहोचला होता. मी म्हटले, त्याला झोपू द्यावे. जन्मभर वाडीत कुदळ-फावडे चालवले आहे, केळीची आळी केली आहेत, विहिरीतला गाळ काढला आहे. बर्फ तो काय, कापसासारखा! सगळे झोपेत असताना मी कोट चढवला, फावडे घेतले आणि बाहेर पडलो.

कापूस दोन हात खाली दगड होता. गाडीने लोटलेला बर्फ दाबून घट्ट झालेला असतो, हे मला माहीत नव्हते. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात आणि त्यात असे जड काम केले की हृदयावर ताण येतो, म्हणून वयस्कर माणसांनी बर्फ उपसू नये, असे तिथे दर हिवाळ्यात बजावतात. हे मात्र मला माहीत होते. सूनबाईने दोनदा सांगितले होते. दहा-बारा फावडी झाली असतील, पाय घसरला आणि मी पाठीवर आपटलो. हाड मोडले नाही, ही प्रभूची कृपा. पण उठता येईना. हात टेकावा तर तो बर्फात कोपरापर्यंत रुते.

मुलगा धावत आला तो घरातल्या सपाता घालूनच. त्याने काखेत हात घातला आणि मी तो झटकला. त्याने पुन्हा घातला. मी अंग आवळून धरले. तो ओरडला, "पप्पा, अंग ताठ धरू नका, मला उचलता येत नाही!"

मग शेजारचा पंजाबी तरुण आला आणि दोघांनी मिळून मला आत नेऊन खुर्चीत बसवले. मुलगा खाली बसून माझ्या बुटांच्या नाड्या सोडू लागला. त्या ओल्या होऊन आवळल्या होत्या. मी म्हटले, "मला येतात बूट काढता." तो काही बोलला नाही, काढत राहिला. नंतर ते दोघे बाहेर बर्फ उपसत होते आणि मी खिडकीशी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसलो होतो. पाठ दुखत होती, पण खरे दुखणे तिथे नव्हते. मनात एकच शब्द फिरत होता : आपण आता ओझे झालो.

आपल्याकडे म्हातारी माणसे एकमेकांना भेटली की काय बोलतात ते आठवा. "हातीपायी धड आहोत तोवर देवाने न्यावे." "अंथरुणाला खिळवू नये." "कुणाच्या हाती सापडू नये." संध्याकाळच्या जपमाळेनंतर ही जणू सहावी प्रार्थना असते. मीही ती कित्येक वर्षे केली आहे आणि ती मला नम्रतेची प्रार्थना वाटत आली. त्या सकाळी पहिल्यांदा शंका आली. कारण ख्रिस्तसभेची जुनी प्रार्थना नेमकी उलटी आहे. संतांच्या लितानीत आपले पूर्वज शतकानुशतके अवचित, तयारीविना येणाऱ्या मरणापासून सोडव असे मागत आले. त्यांना वेळ हवा होता : पापनिवेदनाला, तैलाभ्यंगाला, ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याला बोलावून घ्यायला. आणि आम्ही मागतो की रात्री झोपावे आणि सकाळी उठूच नये. त्यांना देवासमोर तयारीविना जायची भीती होती, आम्हाला सुनेसमोर लुळे पडायची भीती आहे.

ही भीती साधी नाही. कॅनडात २०१६पासून वैद्यकीय मदतीने मरण मागण्याची कायद्याने मुभा आहे. असे मरण स्वीकारणाऱ्यांनी कोणती कारणे दिली, याचा अहवाल तिथले सरकार दरवर्षी काढते. वेदना, हालचाल थांबणे ही कारणे त्यात आहेतच, पण आपण कुटुंबावर ओझे झालो आहोत असे वाटणे, हेही एक कारण आहे. २०२२ सालच्या आकडेवारीत हे कारण सांगणाऱ्यांचे प्रमाण एक तृतीयांशाहून थोडे अधिक होते. ख्रिस्तसभेची शिकवण याविरुद्ध आहे हे आपल्याला ठाऊक आहे, आणि आपल्यापैकी कोणी त्या वाटेला जाणार नाही असे आपण म्हणतो. पण आपली ती सहावी प्रार्थना त्याच रस्त्यावर थोडी अलीकडे उभी आहे, असे मला खिडकीशी बसून वाटले. तेही म्हणतात, ओझे होण्यापेक्षा नसणे बरे. आपणही तेच म्हणतो, फक्त ते काम देवावर सोपवतो.

माझी पत्नी २०१९ साली पक्षाघाताने अंथरुणाला खिळली आणि २०२२च्या पावसाळ्यात प्रभूघरी गेली. ती तीन वर्षे मी तिचे सारे केले. २०२०च्या टाळेबंदीत तर घरात आम्ही दोघेच होतो. कूस बदलणे, धुणेपुसणे, भरवणे. सुरुवातीला मी कपडे बदलू लागलो की ती तोंड भिंतीकडे करायची. म्हणायची, "तुमच्या गळ्यात धोंड झाले हो मी." मी म्हणायचो, छे, काहीतरीच काय. ते खोटे होते. एकदा पेज भरवताना ती सगळी अंथरुणावर सांडली, मी नुकतीच चादर बदलली होती, आणि मी ओरडलो. वाटेल ते बोललो. मग बाहेर जाऊन विहिरीच्या काठावर तासभर बसलो. त्या रात्री ती काही जेवली नाही. हे मी पापनिवेदनात सांगितले आहे, पण तिला कधी सांगितले नाही की मला वाईट वाटले.

तेव्हा ओझे नव्हतेच असे म्हणणार नाही. प्रवचनात कधीकधी ऐकतो की प्रेमाला ओझे जाणवत नाही. जाणवते. कंबर दुखते. झोप मोडते. पण एक गोष्ट मी या तीन वर्षांत शिकलो, ती कोणत्याही पुस्तकात वाचलेली नव्हती. पहिले काही महिने तिला उचलताना ती अंग ताठ करायची, लाजेने. तेव्हा ती फार जड लागे. मग कधीतरी, नक्की कोणत्या दिवशी ते आठवत नाही, मी वाकलो आणि तिने आपला चांगला राहिलेला डावा हात माझ्या मानेभोवती टाकला. वजन तेच, पण उचलणे सोपे झाले. त्या दिवसापासून मी एकटा उचलत नव्हतो, ती मला उचलायला मदत करीत होती.

आणि मी माझ्या मुलाचा हात झटकला होता.

ती ओझे होती, तरी ती नसती तर बरे, असे मला एकदाही वाटले नाही. विहिरीच्या काठावरसुद्धा नाही. मग माझ्याबद्दल माझ्या मुलाला तसे वाटत असेल, हे मी कशावरून ठरवले? देणारा मी असलो की प्रेम आणि घेणारा मी असलो की लाचारी, हा कुठला न्याय? याला नम्रता म्हणता येत नाही. मला उपकार करणारा राहायचे होते, एवढेच.

त्या सकाळी मिस्साला जाता आले नाही म्हणून मुलाने रविवारची वाचने मोठ्याने वाचली. पहिले वाचन यिर्मयाचे होते. जो माणसावर विसंबतो त्याच्यावर शाप, अशा अर्थाचे. मी नातवाकडे पाहून म्हटले, "बघ, यिर्मयासुद्धा माझ्याच बाजूचा." सगळे हसले. पण ते वाचन पुढे असेही सांगते की असा माणूस देहालाच आपला बाहू समजतो. मग माझ्या लक्षात आले की मी मुलाच्या बाहूवर कुठे विसंबलो होतो? मी विसंबलो होतो माझ्याच बाहूवर, शहात्तर वर्षांच्या. तोही देहच. शुभवर्तमान लूकचे होते, आता रडणाऱ्यांना धन्य म्हणणारे. ते वाचताना मुलाचा आवाज जरा बसला. त्याची आई गेली तेव्हा तो अंत्यविधीला वेळेवर पोहोचू शकला नव्हता. आम्ही त्याविषयी कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी बाहेर जाण्यासारखे नव्हते, म्हणून बोललो.

येथे थोडे आडवळण घेतो, कारण न घेतले तर हा लेख अप्रामाणिक होईल. दुसऱ्याला आपल्याला उचलू द्यावे, हे आम्ही पुरुषांनी सांगणे फार सोपे आहे. आपल्या घरांत उचलते कोण? माझी आई चार वर्षे खाटेवर होती. तिचे सारे माझ्या पत्नीने केले. तस्त धरायला मी एकदाही पुढे झाल्याचे मला आठवत नाही. मी डॉक्टरला फोन करायचो आणि आलेल्या पाहुण्यांशी ओटीवर बोलत बसायचो. पत्नी आजारी पडली तेव्हा सून परदेशात होती, म्हणून माझ्यावर वेळ आली. ती इथे असती तर मी शिकलो असतो का, याची मला खात्री नाही.

संत पौल गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात सांगतो की एकमेकांची ओझी वाहा. हे वचन आपल्या सगळ्यांना पाठ आहे. पण तीनच ओळींनंतर, पाचव्या वचनात, तो म्हणतो की प्रत्येकाने आपला भार आपणच वाहिला पाहिजे. मूळ ग्रीकमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत, दुसऱ्याचा अर्थ ज्याने त्याने पाठीवर घ्यायच्या गाठोड्याजवळ जातो. म्हातारपणी पाठ, गुडघे, डोळे हे पहिल्यात येतात, ते इतरांनी वाहावे. पण माझा चिडका स्वभाव, माझे रुसवे, सातबाऱ्यावरच्या नावावरून भावाशी धरलेला अबोला, मृत्युपत्र न करता पोरांना भांडायला सोडणे, हे माझे गाठोडे आहे. ते सुनेच्या डोक्यावर द्यायचा मला हक्क नाही. आपण म्हातारे बहुधा उलटे करतो. फावडे स्वतः धरतो आणि रुसवे घरच्यांना वाहायला लावतो.

दुपारी बातम्यांत सांगितले की पोप फ्रान्सिस शुक्रवारपासून रोमच्या जेमेली रुग्णालयात आहेत आणि रविवारच्या आंजेलुसच्या प्रार्थनेसाठी येऊ शकले नाहीत. ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते आणि २०२२पासून लोकांसमोर चाकाच्या खुर्चीत येत होते. मला त्यांच्या आधीचे दोघे आठवले. पोप जॉन पॉल दुसरे कंपवाताने थरथरत २००५ साली शेवटपर्यंत पदावर राहिले. पोप बेनेडिक्ट यांनी ११ फेब्रुवारी २०१३ रोजी, आपल्या लुर्डमातेच्या सणाच्या दिवशी, आता शक्ती उरली नाही असे सांगून पद सोडत असल्याचे जाहीर केले. एकाने स्वतःला वाहू दिले, दुसऱ्याने जे आपल्याच्याने होत नाही ते खाली ठेवले. दोन्हींना धैर्य लागते. मला त्या दिवशी दुसऱ्याची गरज अधिक होती, म्हणजे फावडे खाली ठेवण्याची. फ्रान्सिस त्या आजारातून परत आले, २० एप्रिलला पुनरुत्थानाच्या रविवारी गाडीतून संत पेत्राच्या चौकात लोकांत फिरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. चौकात पुन्हा घेऊन गेल्याबद्दल त्यांनी आपल्या परिचारकाचे आभार मानले, असे नंतर वाचले. घेऊन गेल्याबद्दल आभार! मी माझ्या मुलाला काय म्हटले होते, तर मला येतात बूट काढता.

क्रुसाच्या वाटेवरचे पाचवे स्थान आपण उपवासकाळात दर शुक्रवारी करतो. सिमोन कुरेनेकर येशूला क्रूस वाहण्यास मदत करतो. आपण नेहमी सिमोनच्या जागी स्वतःला ठेवतो आणि म्हणतो, प्रभो, मलाही दुसऱ्याचा क्रूस वाहण्यास शिकव. इतकी वर्षे मी ती प्रार्थना म्हणत आलो, पण त्या स्थानावर येशू काय करतो आहे इकडे पाहिले नव्हते. तो क्रुसाखालून खांदा काढून घेतो आणि वाटेने जाणाऱ्या एका परक्या माणसाला तो देतो.

दुसऱ्या दिवशी सोमवारी तिथे सुट्टी असते, तिला फॅमिली डे म्हणतात. बर्फ थांबला होता आणि ऊन इतके लख्ख होते की डोळे दिपत. नातवाला बाहेर जायचे होते. सून म्हणाली, "पप्पा, तुम्हीही चला, हळूहळू." मुलगा माझे बूट घेऊन आला आणि खुर्चीसमोर खाली बसला. मी पाय पुढे केला आणि हात त्याच्या खांद्यावर ठेवला. त्याने नाडी आवळली.

"घट्ट झाली का?"

"थोडी सैल कर," मी म्हटले.