पोरीचा जबाब आणि घरची अब्रू

ऐरोलीतल्या एखाद्या सेक्टरमध्ये, दोन खोल्यांच्या घरात पोरगी आईला सांगते, काका नको तसा हात लावतो. पोलिसांत जाण्याआधीच खटला उभा राहतो. आजी म्हणते, लहान आहे, तिला काय कळतंय. मामा म्हणतो, उद्या हिचं लग्न व्हायचंय. बाप भावाकडे बघून मान खाली घालतो. तासाभरात निकाल लागतो: घरातलं घरात राहू द्या.

घरातली ही एक ज्युरीच. इंग्लंडमध्ये असा गंभीर आरोप बारा सामान्य नागरिकांच्या ज्युरीपुढे जातो. दोषी की निर्दोष एवढंच ते सांगतात. का, ते सांगत नाहीत. आपल्याकडेही ज्युरी होती. 1959 मध्ये नौदल अधिकारी नानावटींवरच्या खुनाच्या खटल्यात मुंबईच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी आरोपीला निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला जागा उरली नाही.

घरातल्या अत्याचारांच्या बाबतीत तरी हे बरंच झालं, असं माझं ठाम मत आहे. ज्युरीत बसणारा माणूस त्या आजीच्या, त्या मामाच्या समजुती घेऊनच येतो. न्यायाधीशही याच समाजातला. पण त्याला निकालाची कारणं लिहावी लागतात. जानेवारी 2021 मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सो या मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालचा लैंगिक हल्ला ठरत नाही, असं म्हटलं. कारण कागदावर होतं, म्हणून त्यातली चूक सगळ्यांना दिसली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल रद्द केला.

2012 च्या पॉक्सो कायद्याने पोरीच्या बोलण्याला आधार दिला आहे. जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा. साक्षीच्या वेळी आरोपी तिच्या नजरेस पडू द्यायचा नाही. बचावाचा वकील तिला थेट प्रश्न विचारत नाही. तो प्रश्न न्यायाधीशांकडे देतो, न्यायाधीश ते तिला विचारतात. मध्ये विश्रांती द्यायची, विश्वासातलं माणूस जवळ बसवायचं. मुलांच्या ताब्याच्या भांडणात खोटी तक्रार होऊ शकते, म्हणून जबाब कसून तपासलाच पाहिजे. पण तपासणं वेगळं आणि आधीच खोटी ठरवणं वेगळं.

एवढं करूनही खटला ढासळतो तो घरामुळे. कमावता माणूस आत गेला की भाडं, फी, किराणा कुठून आणायचा, हा आईपुढचा खरा प्रश्न असतो. सासर तोंड फिरवतं, माहेर थोडे दिवस ठेवून घेतं. मग साक्षीच्या दिवशी आई फितूर होते आणि पोरगी पिंजऱ्यात एकटी उरते. अशा आईला दोष देऊन भागत नाही. तिला पैशाचा आणि माणसांचा आधार हवा. कायद्यात नुकसानभरपाईची, अंतरिमसुद्धा, तरतूद आहे. ती खटला चालू असतानाच हातात पडली पाहिजे.

अशा गुन्ह्याची माहिती असूनही ती न देणं हा पॉक्सोत गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शेजारी, शिक्षक, मावशी, कुणीही असा. पोर बोललं तर आधी ऐकून घ्या आणि 1098 या चाइल्ड हेल्पलाइनला फोन लावा.