आजारी आईबाप आणि मुलांचे शिक्षण

मुलांना शाळेत न घालता घरीच, त्यांच्या ओढीप्रमाणे शिकू द्यावे, असे मानणारे काही पालक आज आहेत. हा मार्ग बरा की वाईट, हा वाद तूर्त बाजूस ठेवू. परंतु अशा घरातील आई किंवा बाप कठीण दुखण्याने अंथरुणास खिळला, तर मुलाच्या शिक्षणाविषयी त्याचे कर्तव्य काय, याचा विचार केला पाहिजे.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) लहानपणी शाळेत गेल्या नाहीत. वडील अनंतशास्त्री डोंगरे वृद्ध व अशक्त झाले होते. म्हणून आई लक्ष्मीबाईंनी मुलीला आठव्या वर्षापासून सुमारे पंधराव्या वर्षापर्यंत पहाटे उठवून संस्कृत शिकविले. पुढे दुष्काळात आईबाप दोघेही गेले. तेव्हा रमाबाईंची विशीही उलटली नव्हती. परंतु आईबरोबर विद्या गेली नाही. कारण दुसऱ्याच्या अल्प साहाय्याने पुढे आपले आपण शिकावे, अशीच त्या माउलीने मुलीची तयारी करविली होती. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्याच मुलीचा गौरव केला.

याच रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदासदन ही शाळा काढली. घरी शिकलेल्या बाईने शाळा काढावी, यात विसंगती नाही. लक्ष्मीबाईंसारखी आई प्रत्येकीस लाभत नाही. आणि लाभली तरी ती जन्मभर पुरत नाही.

गिरगावाहून परळ दूर नाही. तेथील टाटा स्मारक रुग्णालयात १९४१ सालापासून गावोगावचे रोगी येत आहेत. कित्येकजण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. सोबत आणलेल्या मुलांची शाळा कोणी न ठरविताच सुटते. मुलाने बापास पाणी द्यावे, औषधाची वेळ सांभाळावी, यात त्याचे अहित नाही. दया ही पाटीवर गिरवून येत नाही. परंतु सेवा करता करता शिकणे निराळे, आणि सेवेपायी शिकणेच बुडणे निराळे. दुखणेकऱ्याच्या उशाशी मूल महिनोन्महिने नुसते बसून राहिले, तर त्याला घरचे शिक्षण म्हणणे ही स्वतःची फसवणूक होय.

येथे कायदाही साहाय्य करितो. १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वर्षांच्या मुलास वर्षाच्या मध्यावरही शाळेत प्रवेश मिळण्याचा हक्क आहे. जुन्या शाळेचा दाखला येण्यास उशीर झाला, तरी त्यास परत पाठविता येत नाही.

“माझ्या मुलाला मीच शिकवीन” या बोलण्यात प्रेम असते, तसा थोडा अभिमानही असतो. आजार तो अभिमान सोडावयास सांगतो. अंगी बळ आहे तोवरच आईबापांनी आपल्यामागे मुलास कोण शिकवील, हे ठरवून त्या माणसाच्या हाती मुलाचा हात द्यावा. मग तो शाळामास्तर असो, मावशी असो, की शेजारी. आणि गावी आजीजवळ राहिलेल्या मुलाची चौकशी आपण गावकऱ्यांनी करावी. मूल काही काळ शाळेवाचून राहू शकेल. शिकविणाऱ्यावाचून त्यास राहू देऊ नये.