अर्धं पाऊल बाजूला

बघून शिकलेलं काम कुणाचं? आपलं, की ज्याच्याकडं बघितलं त्याचं? मास्तरांनी तोंडानं शिकवलेलं आपण मानतो, गुरुपौर्णिमेला त्यांच्या पाया पडतो. पण नांगर किती दाबायचा, विळा किती खाली घालायचा, हे कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. वडिलांच्या मागनं चालत राहिलो आणि एक दिवस कासरा हातात आला. ते ऋण कुठं मांडायचं?

दहावी झाल्यावर आजऱ्याकडची पोरं मुंबईची वाट धरायची. मीही धरली. भायखळ्यात आमच्या गावकीची खोली होती. माणसं पाळीनं कामावर जायची आणि पाळीनंच झोपायची. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, जवळच्या गिरणीत साचेखात्यात होते. बदलीत नाव लागायचं तर हाताला काम येत पाहिजे. म्हणून मी बिनपगारी त्यांच्या साच्यांमागं उभा राहू लागलो.

साचेखात्यात शेकडो साचे एकदम चालतात. धोट्याचा ठणठणाट असा, की कानाशी ओरडलेलंही कळत नाही. माणसं ओठ बघून, बोटं बघून बोलतात. तिथं सांगून शिकवणार कोण आणि कसं? तार तुटली की साचा थांबवून गाठ मारायची. गाठ बारीकच पाहिजे. जाड झाली तर फणीत अडकते आणि तार पुन्हा तुटते. तात्या दोन टोकं चिमटीत धरायचे, बोटं फिरायची आणि झालं! आठवडाभर मला फक्त ते ‘झालं’ दिसलं. एका रात्री खोलीवर तात्या म्हणाले, “माझ्या तोंडाकडं काय बघतोस? अंगठ्याकडं बघ.” डोळे उघडे असून भागत नाही. कुठं बघायचं हेही कुणीतरी दाखवावं लागतं.

याच भायखळ्यात १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली होती. कापडधंद्याचं शास्त्र तिथं शिकवत. १९२३ साली ती माटुंग्याला गेली. शास्त्र पाहिजेच. त्याशिवाय साचा बनत नाही, दुरुस्तही होत नाही. पण आमच्यासारख्यांची शाळा साच्यामागंच भरायची.

सुट्टीच्या दिवशी आम्ही राणीच्या बागेत जायचो. तिथंच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ साली लोकांसाठी उघडलेलं. त्यात निरनिराळे धंदे करणारी मातीची छोटी माणसं मांडलेली आहेत. बसणं, वाकणं, अवजार धरणं, सगळं हुबेहूब. तरी त्यांच्याकडं तासभर बघून कुणाला तो धंदा येणार नाही. कारण हात थांबलेला आहे. काम दोन ठेवणींच्या मधे असतं, आणि ते चालत्या हातातच दिसतं.

एकलव्यानं मातीच्या द्रोणाचार्यांसमोर विद्या मिळवली म्हणतात. द्रोणाचार्यांनी काही दाखवलं नाही आणि अंगठा मात्र मागितला. माझ्या तात्यांनी अंगठा दाखवला आणि काही मागितलं नाही. शिकताना एकलव्य मोठा खरा, पण शिकवताना कोण मोठा, याचा विचार मी फार केलाय. विणणाऱ्याचा पगार निघालेल्या कापडावर ठरायचा. मी एक गाठ मारायला जेवढा वेळ लावायचो, तेवढा वेळ त्यांचा साचा बंद. म्हणजे माझ्या शिकण्याची फी त्यांच्या पगारातनं जात होती. वर शिकलेला पोरगा उद्या आपल्याच जागेवर यायची भीती. तरी गाठ मारताना ते अर्धं पाऊल बाजूला सरकायचे, मला हात दिसावा म्हणून.

मला वाटतं, बघून शिकणं ही चोरी नव्हे. पण फुकटही नव्हे. फी कुणीतरी भरलेली असते.

१८ जानेवारी १९८२ ला संप झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागं सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. आम्ही दोघं गावी आलो ते आलोच. तात्या ओसरीला बसले की खताच्या पोत्याचा दोरा उसवून त्याला गाठी मारत बसायचे. गाठ तशीच बारीक. पण मागं उभं राहून बघणारं कुणी नव्हतं, कारण त्या गाठीचं गावात काम नव्हतं. माणूस जिवंत असताना त्याची कला अशी मरताना मी बघितली.

हे ऋण तात्यांना परत देणं जमलं नाही, आणि ते तसं द्यायचंही नसतं. ते पुढं द्यायचं असतं. आता गुऱ्हाळावर पुतण्या माझ्याजवळ उभा असतो. गुळाचा पाक आला का, हे मी थंड पाण्यात थेंब टाकून, बोटांनी गोळी वळून बघतो. तो मोबाईलवर चित्रण करतो, करू दे. पण गोळी किती मऊ हे मोबाईलला कळत नाही. म्हणून पाण्याचं भांडं मी त्याच्या बाजूला सरकवतो आणि म्हणतो, “घाल हात.” त्याचं बोट चाचपडतं, तोवर गूळ जरा कडक होतो. तेवढा होऊ द्यावा.