दोन टक्क्यांचे दान

नायगावच्या बीडीडी चाळीत एका कंपनीने दप्तरे वाटली. फोटोसाठी मुलांना हात जोडून उभे केले. "गुरुजी, हात कशाला जोडायचे?" माझ्या विद्यार्थिनीने विचारले. मला चटकन उत्तर सुचले नाही.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातील दोन टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन घातले. १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झाले. मग याला दान कसे म्हणावे? दान देणाऱ्याच्या चेतनेत असते. हे तर कायद्याने ठरवलेले देणे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. केवळ आपल्याच कामगारांसाठी केलेला खर्च या दोन टक्क्यांत धरता येत नाही. म्हणजे कामगाराच्या हक्काचे खाते वेगळे, हे नियमही मानतात.

आपल्या वाडवडिलांच्या गिरण्या आठवा. साचेखात्यात मजुरी जास्त. पण धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना तिथे मज्जाव. बाट मानणारे सोबतचे कामगारच होते, हेही विसरू नये. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हे खाते खुले करा, अशी मागणी लावून धरली. मागणी कामाची होती, धर्मादायाची नव्हती.

तेव्हा दप्तर जरूर घ्या, मुलीला हात मात्र जोडायला लावू नका. वाटायला आलेल्या साहेबांना चहा द्या आणि विचारा: तुमच्या कचेरीत झाडू मारणारा कायम आहे की कंत्राटी? त्याला रोज काय मिळतो?