कविता आणि चाहूल

घरात कुणाला कविता मोठ्याने वाचण्याची सवय असेल आणि त्याच घरात कुत्राही असेल, तर एक गोष्ट हमखास नजरेस पडते. पहिल्या ओळीला तो मान वर करतो. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपर्यंत वाचणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो आणि मग पंजांवर हनुवटी टेकून डोळे मिटून घेतो. तेवढ्यात बिस्किटाचा पुडा करकरला, जिन्यात ओळखीची चप्पल वाजली किंवा खुंटीवरचा पट्टा हलला, की हाच प्राणी सर्वांगाने जागा होतो. मुक्या जनावराला कवितेचे काय, असे म्हणून हा विषय मिटवता येईल. मला मात्र त्या मिटलेल्या डोळ्यांत कवितेबद्दलचेच काही कळण्यासारखे आहे असे वाटते.

कान कमी पडतो असे नाही. आपल्याला फार तर 20,000 हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला जवळजवळ 45,000 पर्यंतचे. मग लक्ष का उडते? पाव्हलोव्ह यांनी पहिल्यांदा कान टवकारण्याच्या त्या क्रियेला ‘हे काय आहे?’ची प्रतिक्षिप्त क्रिया म्हटले होते. नव्या आवाजाकडे प्राणी वळतो. तोच आवाज पुन्हा पुन्हा आला आणि त्याच्यामागून काहीच घडले नाही, की वळणे थांबते. सेंट पीटर्सबर्गला त्यांनी जाड भिंतींची खास प्रयोगशाळा उभारली, कारण बाहेरची जरा चाहूल लागली तरी कुत्र्याचे चित्त तिकडे जाई आणि प्रयोग बिघडे. आता छंदाकडे पाहा. मोठ्या अभंगाची सहा, सहा, सहा, चार अक्षरांची चाल म्हणजे नियमाने परत येणारा आवाज, आणि त्याच्यामागून ना दार उघडते ना ताटली सरकते. जी आवर्तने आपल्याला धरून ठेवतात, तीच त्याला मोकळे करतात.

पण बोलणे त्याला निव्वळ गोंगाट वाटते, असेही नाही. बुडापेस्टच्या योत्वोश लोरांड विद्यापीठात कुत्र्यांना जागेपणी, न बांधता एमआरआय यंत्रात स्वस्थ पडून राहायला शिकवले जाते. तिथे 2016 साली दिसले की कौतुकाचा शब्द कौतुकाच्याच सुरात आला, तरच कुत्र्याच्या मेंदूतला आनंदाचा भाग उजळतो. कोरड्या सुरात म्हटलेला शब्द किंवा लाडाच्या सुरात म्हटलेला भलताच शब्द तिथवर पोचत नाही. काव्यवाचनाची इतकी कडक कसोटी आपल्या मैफलींतही क्वचितच कुणी लावत असेल. त्याच विद्यापीठातल्या आणखी एका प्रयोगात ओळखीच्या शब्दातला एकच ध्वनी बदलला, तर कुत्र्यांच्या मेंदूने तो फरक धरला नाही. यमक उभे असते ते अशाच एका ध्वनीच्या बदलावर. म्हणजे कवितेचा सूर त्याच्यापर्यंत जातो आणि तिची कारागिरी वाटेतच गळून पडते.

लॉरा क्वाया ही संशोधक मेक्सिकोहून बुडापेस्टला आली, तेव्हा कुन-कुन नावाचा आपला कुत्रा घेऊन आली. इथली माणसे वेगळेच काही बोलतात हे याला कळत असेल का, या तिच्या कुतूहलातून 2022 साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. अठरा कुत्र्यांना ‘द लिटल प्रिन्स’चा उतारा स्पॅनिश आणि हंगेरियनमध्ये ऐकवला, शिवाय त्याच वाचनाचे तुकडे विस्कटून बनवलेला आवाजही ऐकवला. बोलणे आणि विस्कटलेला आवाज यांतला भेद त्यांच्या मेंदूत उमटला, घरची भाषा आणि परकी भाषा यांतलाही उमटला. कुत्रा जितका वयस्क, तितका भाषांमधला भेद स्पष्ट. वर्षानुवर्षे माणसांच्या बोलण्यात राहून तो ती लय अंगात मुरवत असतो, कुणी शिकवलेले नसताना.

नेमके याच पुस्तकात एक कोल्हा आहे. इतरांची पावले वाजली की तो बिळात दडतो. राजपुत्राने त्याला माणसाळवले, तर फक्त त्याच्या पावलांचा आवाज संगीतासारखा बाहेर बोलावील, असे तो सांगतो. मला वाटते कुत्र्याचे सगळे काव्यशास्त्र त्यात आले. जिन्यातल्या चपलेला आपण रोजचा आवाज म्हणतो, पण त्याच्यासाठी तिच्यात विरह आहे, वाट पाहणे आहे, ओळख आहे. होमरने हे जाणले होते. ‘ओडिसी’च्या सतराव्या सर्गात वीस वर्षांनी परतलेला ओडिसियस भिकाऱ्याच्या वेशात दाराशी बोलत उभा असतो, आणि उकिरड्यावर पडलेला म्हातारा आर्गोस मान व कान उचलतो. जवळ जाण्याचे बळ त्याच्यात उरलेले नसते. शेपटी हलवून तो कान पाडतो.

आपल्याकडे तर कुत्र्यांनी सामगान केल्याची कथा आहे. छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात बक दाल्भ्य स्वाध्यायासाठी बाहेर पडतो. त्याला एक पांढरा कुत्रा दिसतो. इतर कुत्री त्याच्याभोवती जमून म्हणतात, आम्हांला भूक लागली आहे, गाऊन अन्न मिळवून दे. दुसऱ्या सकाळी ती ऋत्विजांसारखी एकमेकांना धरून चालतात, बसतात आणि सामगानातला ‘हिं’ हा स्वर काढून हिंकार करतात. शंकराचार्यांनी त्यांत कुत्र्याचे रूप घेतलेली देवता किंवा ऋषी पाहिला, काही आधुनिक अभ्यासकांनी पुरोहितांची थट्टा पाहिली. मला ती कथा सरळ वाचावीशी वाटते. गाणे आणि घास यांच्यात अंतर न मानणारे कुणीतरी तिथे गात आहे.

ते अंतर आपणही फार उशिरा पाडले. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या पुस्तकासाठी रचलेल्या नव्हत्या. पहाटेच्या अंधारात दळण ओढता ओढता, जात्याच्या घरघरीवरच त्या उमटल्या. भाऊ, लेक, विठोबा, सासरचा जाच, सगळे त्या घरघरीत मिसळलेले असे. दारातल्या कुत्र्याला काव्य आणि आवाज यांतून निवड करायची वेळच येत नव्हती. ओवी थांबली की दळण संपले, दळण संपले की चूल पेटणार आणि भाकरी होणार, हे गाणारीला ठाऊक होते आणि त्यालाही.