बी, के, टिंब, के, एस

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील २०१७च्या लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत देशात १२४व्या आल्या आणि पहिल्या अंध महिला आयएएस अधिकारी म्हणून त्यांचं नाव सर्वतोमुखी झालं. आदल्या वर्षीही त्या उत्तीर्ण झाल्या होत्या. पण दिसत नाही म्हणून रेल्वेच्या लेखा सेवेत त्यांना घेतलं गेलं नाही. ही गोष्ट सांगताना आपण जिद्दीपाशी थांबतो. अभ्यास केला कसा, हे विचारायचं राहून जातं. छापील पुस्तकं स्कॅन करायची आणि ‘जॉज’ हे सॉफ्टवेअर ती मोठ्याने वाचून दाखवायचं. जॉज उत्तमच, पण त्याचा परवाना हजार डॉलरच्या आसपास. कल्याण-डोंबिवलीतल्या चाकरमान्या घरात एवढ्या पैशांत लॅपटॉप येतो.

ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाला हेच खुपलं. डोळस माणूस पडद्यावरचं बघायचे वेगळे पैसे देत नाही, मग अंधाने ऐकायचे का द्यावेत? २००६ साली त्याने ‘एनव्हीडीए’ लिहायला घेतलं. जेम्स टेह हा त्याचा अंध मित्र सोबत आला, पुढच्या वर्षी संस्था उभी राहिली. हे सॉफ्टवेअर आजही फुकट आहे आणि देणग्या-अनुदानांवर चालतं. इन्सर्टचं बटण दाबून खालचा बाण दाबला की सलग वाचन सुरू होतं. एच दाबलं की पुढच्या मथळ्यावर उडी. सरावलेला माणूस ते इतक्या वेगाने ऐकतो की शेजारच्याला नुसती कुजबुज वाटावी. सोबतचा ‘ईस्पीक’ हा आवाज मराठीही बोलतो. थोडा यांत्रिक, पण समजतो.

म्हणजे सॉफ्टवेअरचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला. अडतं ते आपल्या मराठीवर.

आपल्या डीटीपीवाल्यांकडे अजून कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत काम चालतं. कृतिदेवमध्ये पडद्यावर ‘ठाणे’ दिसतं, पण फाइलीत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं: कॅपिटल बी, के, टिंब, के, एस. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचं रूप देतो. एनव्हीडीए रूप पाहत नाही, साठवलेलं वाचतं. त्यामुळे ठाण्यातल्या एखाद्या अंध मुलीने फाइल उघडली की तिच्या कानावर पानभर असली इंग्रजी बडबड पडते. युनिकोडमध्ये हा घोळ होत नाही, आणि युनिकोड येऊन आता तीन दशकं झाली. सवय मोडायची नाही, एवढंच कारण उरलं आहे.

दुसरा अडसर चित्रांचा. उद्या पाणी येणार नाही, ही सूचना रंगीत चौकटीत चित्र म्हणून फिरते. अंध रहिवाशाचा फोन त्यावर म्हणतो, ‘इमेज’. आता त्याने बादल्या भरायच्या कशाच्या जोरावर?

कायदा तोकडा नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६चा आहे. एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पुस्तकांचं म्हणाल, तर २०१२च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी सुगम प्रती काढायला कॉपीराइटची आडकाठी उरली नाही, आणि अशाच आशयाच्या माराकेश कराराला मान्यता देणारा पहिला देश भारतच होता, २०१४मध्ये. टेसेरॅक्ट हे स्कॅनमधून मजकूर काढणारं सॉफ्टवेअरही फुकट आहे आणि त्याला मराठी येतं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. वाचनाचा एवढा जुना वारसा असलेल्या गावांना स्कॅन केलेल्या पुस्तकांतल्या चुका दुरुस्त करायला निवृत्त मंडळी मिळणार नाहीत, हे मला पटत नाही. त्यासाठी प्रोग्रामर लागत नाही. शुद्धलेखन येणारा माणूस लागतो, आणि आपल्याकडे तो गल्लोगल्ली चुका काढत बसलेला असतो!

सर्वांत आधी हे काम आम्हा लिहिणाऱ्या-छापणाऱ्यांचं आहे. दिवाळी अंकांच्या पीडीएफ आता सर्रास विकल्या जातात. तुमच्याकडे अशी एखादी असेल, तर तिच्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी उमटलं तर तो अंक अंध वाचकही वाचू शकेल. नाही उमटलं, तर संपादकांना पत्र पाठवा. आमच्या या अंकाबद्दलही पाठवा.